रोहीचा लिंगविचार

खोली भाड्यानं मागायला गेले तेव्हा आबांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, लग्न झालंय का हेही विचारलं नाही. नेमणुकीचा कागद मागितला. मला वाटलं, म्हातारा हुशार आहे, सरकारी पगार आहे की नाही ते बघतोय.

"कृषी सहाय्यक," त्यांनी मोठ्यानं वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "सहायक लिहा, नाहीतर साहाय्यक लिहा. हे मधलं कुठून आणलं? आणि तुम्ही सहायक की सहायिका?"

"कागदावर तसंच आहे."

"कागदाला डोळे नाहीत. मला आहेत."

त्यांनी खिशातून लाल पेन काढलं तेव्हा मी कागद अक्षरशः हिसकावून घेतला. त्यावरून आबा खूश झाले. म्हणाले, "कागद जपता. राहा."

पारोळ्याहून एसटीनं अर्ध्या तासावरचं ते गाव. आबा तिथल्याच शाळेत तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेले, घरात एकटे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा सुरतेला. अख्खं गाव त्यांचा विद्यार्थी, त्यामुळं अख्खं गाव त्यांना टाळायचं. कोणी लग्नपत्रिका द्यायला आलं तर उंबऱ्याबाहेरूनच द्यायचं आणि पळायचं. आत गेलं की पत्रिका तपासून, दहापैकी गुण देऊन परत मिळायची. आता माझी बदली दोंडाईच्याला झालीय, पण अजून कुठं पाटीवर 'सहाय्यक' दिसलं की माझी मान आपोआप आबांसारखी हलते. सवयी भाड्याच्या खोलीतून अशाच लागतात.

मला ते 'कृषीबाई' म्हणायचे. मी मुक्ताईनगरची, आमच्याकडची बोली निराळी, त्यामुळं गावातली अहिराणी पहिले दोन महिने माझ्या डोक्यावरून जायची. आबा स्वतः बोलायचे ते पुस्तकातलं मराठी. फक्त चिडले की अहिराणीवर यायचे, आणि चिडायचे दिवसातून चारदा, म्हणून मी शिकले.

या माणसाकडं बंदूक होती हे मला महिन्याभरानं कळलं. वडिलांपासून आलेली बारा बोअरची, पीकसंरक्षणाच्या परवान्यावर. धान्याच्या कोठीमागं, गोधडीत गुंडाळून ठेवलेली. निम्मं वर्ष ती घरात नसायचीच. कुठलीही निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या असतात, आणि आपल्याकडं निवडणुका काही कमी नाहीत. आबा गोधडी काखेत मारून एसटीत बसायचे आणि गावकरी ओट्यावरून विचारायचे, "काय आबा, बंदूक माहेरले चालनी का?"

एकदा मीही पारोळ्याला निघाले होते म्हणून त्यांच्याबरोबर ठाण्यात गेले. हवालदारानं पावती लिहिली. आबांनी ती वाचली आणि बंदूक परत काखेत घेतली.

"बंदूक. दू दीर्घ."

"आबा, मी आताच 'बंदुकीची नळी' लिहिलं, तेव्हा तुम्ही काही बोलले नाही."

"बंदुकीची म्हणताना ऱ्हस्व. बंदूक म्हणताना दीर्घ. सातवीत शिकवलं होतं तुला."

हवालदारही त्यांचाच विद्यार्थी निघाला. तो हात जोडून म्हणाला, "आबा, निवडणूक शे का शुद्धलेखननी परीक्षा?" पण दू दीर्घ केला. मागं परवानेवाल्यांची रांग वाढत चालली होती.

बंदुकीबद्दल आबांचे नियम त्यांच्या व्याकरणाइतकेच कडक होते. सरकारी परवानगी हातात असल्याशिवाय गोळी भरायची नाही. चाळीस पावलांच्या पलीकडं मारायचं नाही. जनावर उभं पाहिजे, आडवं पाहिजे, मागं दुसरं काही नको. मारायचं ते सकाळी, म्हणजे नेम चुकून जखमी झालं तर माग काढायला पुढं सगळा दिवस आहे. "जखमी जनावर सोडून जो घरी जेवायला येतो," ते म्हणायचे, "त्याला मी माणसात धरत नाही." एवढ्या नियमांमुळं आयुष्यात त्यांनी बंदूक चार-पाच वेळाच उडवली होती, तीही रानडुकरांवर. गाव म्हणायचं, आबांचा नेम कधी चुकत नाही, कारण ते मारतच नाहीत.

धुळ्याहून एकदा दोन हौशी पाहुणे जीप घेऊन आले. तुमच्या शिवारात मोठा रोही आहे म्हणे, शिंगं चांगली आहेत, परवानगीचं आम्ही बघतो, तुम्ही फक्त वाट दाखवा. आबांनी त्यांना चहा दिला आणि म्हणाले, "रोही हा शब्द प्रथमेपासून संबोधनापर्यंत चालवून दाखवा."

पाहुण्यांना वाटलं, म्हातारा गंमत करतोय.

"ज्याला मारायचं त्याला निदान हाक मारता आली पाहिजे," आबा म्हणाले. पाहुण्यांनी अर्धा चहा टाकून जीप वळवली.

खरी कथा सुरू झाली ती अक्काच्या हरभऱ्यापासून. अक्काचं वावर नाल्याच्या कडेला. नाल्यात वेड्या बाभळीचं रान माजलेलं आणि त्यात अकरा रोह्यांचा कळप मुक्कामाला. नवरा दोंडाईच्याच्या जिनिंगमध्ये कामाला, शेती अक्काच बघायची. एका सकाळी ती मला हाताला धरून बांधावर घेऊन गेली. हरभऱ्यात मधोमध रस्ता पडावा तसं झालं होतं. खाल्लं होतं त्यापेक्षा तुडवलं जास्त होतं.

"देखा मॅडम. साडी बांधी, भोंगा लाया, बुजगावनं उभं करं. बुजगावनानी टोपी खाई गयात. आते काय करू, सांगा."

पीक खाणाऱ्या रोह्याला मारण्याची परवानगी वनखात्याकडं मागता येते. मी अर्ज लिहिला, ऑफिसच्या भाषेत, तिथं रोह्याला नीलगाय म्हणतात: 'नीलगाय या वन्यप्राण्यापासून पिकाचे अतोनात नुकसान होत असून…' ग्रामपंचायतीत सगळे शेतकरी सह्या करायला जमले. एकानं अर्ज मोठ्यानं वाचला आणि पेन ज्याच्या हातात होतं त्याच्याच हातात राहिलं.

"गायवर सही?" पहिला म्हातारा म्हणाला. "माले नही जमाव."

मग कोणालाच जमेना. त्याच लोकांनी गेले दोन महिने त्या जनावरांच्या आई-बहिणीचा उद्धार केला होता. आबा कोपऱ्यात बसले होते. उठले, अर्ज घेतला, म्हणाले, "नीलगाय हा शब्द म्हणजे दोन चुकांची बेरीज. जो निळा असतो तो नर, तो गाय नाही. जी गाय म्हणायची ती भुरी असते, ती निळी नाही." आणि लाल पेनानं 'नीलगाय' खोडून वर 'रोही' लिहिलं. पाच मिनिटांत बठ्ठ्या, म्हणजे सगळ्या, सह्या झाल्या.

मी हसत होते. घरी येताना आबा मात्र माझ्यापुढं दहा पावलं चालत होते. दारात म्हणाले, "एक शब्द खोडला, बाई. जनावर तेच राहिलं. मी लोकांचं काम फार सोपं करून दिलं."

पण म्हणून ते थांबले असते तर आबा कसले! दुसऱ्या दिवशी अर्ज माझ्या टेबलावर परत. 'रोही'च्या खाली लाल रेघ, समासात प्रश्न: 'नर की मादी?' बंदूक त्यांची, चालवणार ते, त्यामुळं त्यांच्या समाधानाशिवाय अर्ज पुढं जाणार नव्हता. पुन्हा सभा. गावाच्या मनात शंकाच नव्हती, नर. तोच मोठा, तोच काळानिळा, तोच बांधावर उभा राहून माणसाकडं टकमक बघतो.

आबा उभे राहिले आणि फळ्यासमोर असल्यासारखे बोलू लागले. "नर मारून काय होईल? एक गेला तर आठ दिवसांत दुसरा येईल. कळप तेवढाच राहील. मादी बहुतेक जुळं देते. एक मादी गेली की पुढच्या वर्षी तीन तोंडं कमी. कमी करायची आहेत ना? मग मादी. नर मारणं म्हणजे नुसता फोटो काढणं."

अक्का ताडकन उठली. नुकसान सगळ्यांत जास्त तिचं, म्हणून तिचा शब्द सगळ्यांत जड. "मादी मारानी? लेकुरवाळी? आबा, तुम्हले काय मायनी जनम दिधा नही का?"

"लेकुरवाळी नाही. जिचं पाडस दूध सोडून चरायला लागलंय, तीच. तसं अर्जात लिहू."

"जनावर काय अर्ज वाचीसन सामने उभं ऱ्हाई का?"

सभा हसली, आबा हसले नाहीत. त्यांचं म्हणणं बरोबर होतं हे सगळ्यांना कळत होतं आणि म्हणूनच ते कोणाला ऐकायचं नव्हतं. मलाही नव्हतं. मी आकडेमोड शिकलेली, कीड किती टक्के झाली की फवारायचं ते लोकांना सांगणारी. पण त्या संध्याकाळी मी आबांशी बोलले नाही. ते बरोबर आहेत याचाच राग आला होता.

शेवटी 'मादी' ठरलं. मग 'पाडस दुधावर नसलेली' हे कलम घालायचं ठरलं. अर्ज पारोळ्याला टाइप करून आणला तर त्यात 'मादि' झालेलं. आबांनी परत पाठवला. पुन्हा आला तर 'दूधावर', पुन्हा परत. तोवर निवडणूक जाहीर झाली आणि बंदूक माहेरी गेली. अर्ज सुटला, परवानगी आली, बंदूक आली, तेव्हा अर्धा हरभरा निघाला होता आणि दादर ज्वारी दाण्यावर आली होती. अक्का म्हणाली, आता कशाला? आबा म्हणाले, कळप आहे तिथंच आहे, पुढच्या वर्षी पुन्हा रडशील. परवानगी होती एका मादीची आणि मुदतीचे दिवस थोडे उरले होते.

वनरक्षक तरुण होता, नोकरी नवी, कागदांना माझ्यापेक्षा जास्त घाबरणारा. त्यानं दुर्बीण आणली. ती माझ्याकडं दिली, कारण आबा म्हणाले, "कृषीबाईंना बाईमाणसाचं कळेल." मी म्हटलं, रोह्याच्या बाईमाणसाचं मला काय कळणार! पण घेतली.

पहिल्या दिवशी कळप लांब राहिला. दुसऱ्या दिवशी पंचवीस पावलांवर एक भुरी मादी आली. आबांनी बंदूक उचलली आणि मागून पाडस येऊन तिच्या पोटाखाली शिरलं. आबांनी बंदूक खाली केली आणि इतका मोठा सुस्कारा सोडला की कळपच पळाला. तिसऱ्या दिवशी सगळं जमलं होतं, पण मादीच्या बरोब्बर मागं, नाल्यापलीकडं, अक्काची म्हैस. वनरक्षक मला हळूच म्हणाला, "मॅडम, आबांना मारायचंच नाहीये का?" मलाही तसंच वाटू लागलं होतं, आणि बरंही वाटत होतं.

चौथ्या दिवशी ऊन नुकतं वर आलं होतं. हरभऱ्याच्या उरलेल्या तुकड्यात एक मादी एकटी आली. कळप मागं बाभळीत. ती आडवी उभी राहिली आणि निवांत खाऊ लागली.

"पाडस?" आबांनी विचारलं.

"नाही."

"नीट बघा. कास भरलेली?"

"नाही दिसत."

"पुन्हा बघा."

मी पुन्हा पाहिलं. मला जे विचारलं होतं तेच मी पाहिलं. "नाही, आबा."

गोळी सुटली. ती चार पावलं गेली आणि बसल्यासारखी खाली पडली, पुन्हा हलली नाही. आबांनी काडतुसं काढून खिशात टाकली, चालत तिच्यापर्यंत गेले, टोपी काढली आणि मातीत बसले. हात लावला नाही. त्यांचा नेम खरंच चुकत नव्हता.

अशा वेळी जनावरांचे डॉक्टर येऊन तपासणी करतात, मग वनखातं खड्डा करून पुरून टाकतं; मांस कोणी घ्यायचं नसतं. डॉक्टर मोटरसायकलवर आले, पोट उघडलं.

"गाभण होती. दोन आहेत."

मी एकदाच पाहिलं. मांजरीएवढी दोन, एकमेकांना चिकटलेली. मला दुर्बीण गळ्यात जड झाली. मी कास पाहिली होती, मागं पाडस आहे का ते पाहिलं होतं. पोटाकडं माझी नजर गेलीच नव्हती.

वनरक्षक पंचनामा लिहू लागला. 'मृत रोही, मादी, संख्या एक.'

"तीन लिही," आबा म्हणाले.

"आबा, परवानगी एकाची आहे."

"मारली तीन. तीन लिही."

"तीन लिहिलं तर वर विचारतील. तुमचा परवाना जाईल, माझी नोकरी जाईल. पोटातली कोणी मोजतं का?"

"मी मोजतो. कमी करायची म्हणून सभेत मीच मोजली ना? पुढच्या वर्षी तीन तोंडं कमी, म्हनीसन? तवय मोजी, मंग आते का नही?" आबा अहिराणीवर आले होते. "तू एक लिखशी तं मी सही कराव नही."

सहीशिवाय कागद अपुरा, आणि कागद अपुरा म्हणजे त्या पोराची धडगत नव्हती. तो माझ्याकडं बघू लागला. मी आबांजवळ जाऊन बसले आणि म्हटलं, "आबा, चूक माझी आहे. मी नीट पाहिलं नाही."

"तुम्हाला मी जे विचारलं त्याचं उत्तर तुम्ही बरोबर दिलं." ते पुन्हा पुस्तकी मराठीत आले होते आणि ते ऐकून मला जास्त भीती वाटली. "सभा झाली तेव्हाच मारली असती तर एवढी जड नसती. निवडणुकीआधी वेळ होता. मी काय करत होतो? 'मादी'चा दी दीर्घ करत होतो. पाच आठवडे मी शब्द तपासले, बाई. आणि तेवढे पाच आठवडे हिच्या पोटात ही वाढत होती."

खोटं सांत्वन त्यांना चाललं नसतं. त्यातही त्यांनी चूक काढली असती. मला त्यांची फार माया वाटली आणि ती दाखवायची कशी ते कळेना. मी त्यांची टोपी झटकून त्यांच्या हातात दिली, एवढंच. मी फक्त म्हटलं, "आबा, त्या पोराची नोकरी नवीन आहे." त्यांनी त्याच्याकडं पाहिलं. मग उठले, त्याच्याकडून पेन घेतलं आणि 'एक'च्या खाली सही केली. अक्षर त्यांचं नेहमी मोत्यासारखं. ती सही ओळखू येत नव्हती.

जेसीबीनं नाल्याच्या कडेला खड्डा केला. तिघांना एकत्रच ठेवलं. माती लोटणार तेवढ्यात बांधावरून अक्का आली, पदराची झोळी धरून. मला वाटलं, आता ही आबांना धुऊन काढणार. सभेत जे बोलली होती ते खरं ठरलं होतं आणि तसं ऐकवायचा तिला पुरता हक्क होता. आबाही तेच समजून मान खाली घालून उभे राहिले.

तिनं आबांकडं पाहिलंही नाही. खड्ड्याच्या काठाशी आली आणि म्हणाली, "बठ्ठा गडीमानसे तिकडे तोंड करा. ओटी भरानी शे."

कोणाला काही समजेना. डॉक्टरांनी वनरक्षकाकडं पाहिलं. "तिकडे तोंड करा सांगस ना!" अक्का ओरडली, तसे सगळे वळले. जेसीबीवाल्यानं मशीन बंद केलं, खाली उतरला आणि तोही वळला. चार पुरुष बाभळींकडं तोंड करून शाळेतल्या शिक्षेसारखे ओळीत उभे राहिले, त्यात खांद्याला बंदूक अडकवलेले आबा. एरवी मी पोट धरून हसले असते.

अक्काच्या पदरात हरभरा होता, तिच्याच वावरातला, नुकता काढलेला. तिनं खाली वाकून एक मूठ सोडली. "आजलोंग चोरीसन खादा, माय," ती खड्ड्यात बघत म्हणाली, "आते मी देस. ले." दुसरी मूठ सोडली. तिसरी मूठ भरून तिनं माझ्या हातात ओतली आणि मला पुढं ढकललं. मला रडू येत होतं. दाणे हाताला चिकटले होते, ते एकेक करून सोडवून मी खाली टाकले.

"किती झाल्या?" पाठमोऱ्या आबांनी विचारलं.

"तीन," अक्का म्हणाली.

"बरोबर," आबा म्हणाले, आणि वळा असं अक्कानं सांगितल्यावरही ते कितीतरी वेळ वळले नाहीत.